ब्रेनलोच्या हिरवळीवरची एक रेघ

या मंडळी, जरा सरकून जवळ बसा. मागच्यांनाही पुढे येऊ द्या. ही गोष्ट आवाज चढवून सांगायची नाही, हळू सांगायची आहे. एका माणसाने दिलेला शब्द, आणि देवाने चाळीस वर्षं त्याच्याच पायांखाली झाकून ठेवलेलं एक नवल, एवढंच तिच्यात आहे. पण ऐकून उठाल तेव्हा गवतावर पाय जरा जपून टाकाल, एवढं मी कबूल करतो.

हेरफर्डशर परगण्याच्या पश्चिमेला, जिथे बायका कपडे वाळत घालताना वेल्सच्या डोंगरांकडे बघून पावसाचा अंदाज घेतात, तिथे ब्रेनलो कोर्ट नावाचं मोठं घर आहे. त्या घराचा मुख्य माळी अ‍ॅम्ब्रोज प्रीस. मुख्य माळी तोच, हाताखालचा माळी तोच आणि पानं झाडणाराही तोच, कारण एकेकाळच्या चौदा माळ्यांपैकी आता तो एकटाच उरला होता. वय चौसष्ट. कमरेत थोडा वाकलेला, पण कामाला लागला की सरळ व्हायचा. पुढच्या शरद ऋतूत तो निवृत्त होणार होता.

अ‍ॅम्ब्रोजचा जीव होता तो घरासमोरच्या हिरवळीत. दोन एकर हिरवळ, घराच्या दगडी ओट्यापासून थेट पश्चिमेच्या चरापर्यंत. हा चर म्हणजे बुडीत कुंपण. गुरं आत येऊ नयेत, पण घरातून बघणाऱ्याला मध्ये आडकाठीही दिसू नये, म्हणून जुन्या मालकाने खोदलेलं. ओट्यावर उभं राहिलं की हिरवळ, चरापलीकडची कुरणं आणि डोंगर असं सगळं एकच अंगण वाटायचं. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दर शुक्रवारी अ‍ॅम्ब्रोज त्या हिरवळीवर रोलरचं, गवत कापायचं यंत्र फिरवायचा. जाताना गवत एका अंगाला लवायचं, येताना दुसऱ्या. एक पट्टा फिका, एक गडद, एक फिका, एक गडद. रेघ अशी सरळ, की बघणाऱ्याने आपलं धोतर-पाटलोण नीट करावं.

त्याची युक्ती त्याला बापाने शिकवली होती. रेघ सरळ हवी असेल तर नजर खाली जमिनीवर ठेवायची नाही. चरापलीकडे एक ओक उभा आहे, त्याच्या बुंध्यावर नजर लावायची आणि चालत सुटायचं. खाली बघितलंस की रेघ वाकडी झालीच. अ‍ॅम्ब्रोजने चाळीस वर्षं त्या ओककडे बघत हिरवळ कापली.

तशी ही बाग काही कायम अशी नव्हती. अ‍ॅम्ब्रोजचा आजा ईलाय प्रीस इथे मुख्य माळी होता तेव्हा ओट्याखाली फुलांचे गालिचे असत. काचघरांत वीस हजार रोपं वाढवायची, जूनमध्ये दोरी धरून लावायची, तांबडी, निळी, पिवळी, आणि मधोमध मालकाच्या घराण्याची मुद्रा फुलांनीच काढायची. ईलाय शिडीवर चढून ती मुद्रा बघायचा. मग मालकांची सून आली. ती म्हणाली, हे काय बेकरीतल्या केकसारखं? तिने गालिचे उखडले, यू नावाच्या सदाहरित झाडांच्या उंच कुंपणांच्या खोल्या केल्या आणि खोल्यांमध्ये गावातल्या झोपड्यांपुढे असतात तशी मिसळीची फुलं लावली, फक्त शंभर पट. ईलाय म्हणाला, बाग मेली. त्याचा मुलगा सेथ, म्हणजे अ‍ॅम्ब्रोजचा बाप, त्या मिसळीच्या पट्ट्यांवर जीव टाकायला शिकला. मग युद्ध आलं. पट्ट्यांत बटाटे लागले, हाताखालची पोरं गेली ती परतली नाहीत, आणि पुढे माणसंच नाहीत म्हणून निम्म्या पट्ट्यांवर गवत पेरलं. सेथ म्हणाला, बाग मेली. मोठी हिरवळ तेवढी वाचली. तिथेही नांगर घातला होता, पण खाली कातळ. दोनदा फाळ मोडला, आणि सरकारी माणूस शिव्या देत निघून गेला.

म्हणून अ‍ॅम्ब्रोजला वाटायचं, बाकी सगळं येतं आणि जातं. हिरवळ खरी.

घराची शेवटची मालकीण मिस कॉन्स्टन्स वेनेबल्स. लग्न केलं नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षं त्याच घरात राहिली. तिचा हट्टही तिच्यासारखाच, एकदा बसला की उठायचा नाही. पंचावन्न साली कुणीतरी तिला तण मारायचं नवं औषध दिलं. ते एका कोपऱ्यात शिंपडल्यावर आठ दिवसांत तिचा कुत्रा मेला. कुत्रा सोळा वर्षांचा होता, आंधळा होता, तो तसाही मेलाच असता. पण मिस कॉन्स्टन्सला कोण सांगणार? तिने फर्मान काढलं, यापुढे माझ्या हिरवळीवर बाटलीतलं काही नको, पोत्यातलंही काही नको. औषध नाही, खत नाही. मग तण काढायचं कसं? हाताने. अ‍ॅम्ब्रोज दर हिवाळ्यात गुडघ्याखाली गोणपाट घेऊन, दोन दातांच्या छोट्या काट्याने डेझी उपटायचा, आणि जमिनीला चिकटून बसलेली चपट्या पानांची रोपं उपटायचा. ती पानं केळीच्या पानांसारखी गुळगुळीत, चक्रासारखी पसरलेली. टोपल्याच्या टोपल्या भरायच्या. दरवर्षी पुन्हा तेवढीच उगवायची.

मिस कॉन्स्टन्स गेली ती फेब्रुवारीत. शेवटच्या आठवड्यात तिने अ‍ॅम्ब्रोजला वर बोलावलं. तो मोजे घालून जिना चढला, बूट खाली ठेवले होते. पलंग खिडकीशी होता. खिडकीतून हिरवळ दिसत होती.

चाळीस वर्षं ती त्याला नुसतं "प्रीस" म्हणत आली होती. तिकडची रीतच तशी. त्या दिवशी म्हणाली, "अ‍ॅम्ब्रोज."

त्याला वाटलं, आता ही बाई नक्की जाणार.

"उघड्या रविवारी हिरवळ कापलेली हवी," ती म्हणाली. "मी असेन-नसेन. लोक येतील. पट्टे सरळ."

"सरळच येतील, मिस कॉन्स्टन्स."

"शब्द?"

"शब्द."

उघडा रविवार म्हणजे मे महिन्यातला दुसरा रविवार. त्या दिवशी ब्रेनलोचं फाटक गावासाठी उघडतं, परगावाहून मोटारी येतात, धर्मादायासाठी पेटी ठेवतात, चहा आणि केक असतो. आणि आसपासच्या बागांचे झाडून सगळे माळी येतात. फुलांना छान छान म्हणतात आणि हळूच वाकून हिरवळीच्या कडा बघतात. एखादी कडा चुकली तर वर्षभर पुरते.

मिस कॉन्स्टन्सच्या मागे घर तिच्या भाचीकडे आलं. मिसेस हॅरिएट, चांगली बाई. बागेचं तिला प्रेम होतं, पण बागेतलं कळत नव्हतं, आणि हे ती कबूल करायची. तिने लंडनहून एक बाग आखणारी बाई आणली. फिलिपा टार्न. तिशीची, केसांत पेन्सिल खोवलेली, बूट चिखलाने माखलेले. अ‍ॅम्ब्रोजला ते बूट आवडले. बाकी काही आवडलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला ती ओट्यावर नकाशा पसरून म्हणाली, "मिस्टर प्रीस, मोठी हिरवळ या वर्षी कापायची नाही. जुलै संपेपर्यंत."

"नाही म्हणजे, पंधरा दिवसांनी एकदा?"

"नाही म्हणजे नाहीच."

"आणि उघडा रविवार?"

"तेव्हाही उंच गवत. वारा आला की हलेल. डोंगरापर्यंत एकच गवत दिसेल. बघा तरी."

"लोक म्हणतील, प्रीस मेला."

फिलिपा हसली. "मी फाटकावर पाटी लावते, प्रीस जिवंत आहे म्हणून."

अ‍ॅम्ब्रोज हसला नाही. मग ती नरमली. म्हणाली, "रागावू नका. तुमच्या आजोबांचे फुलांचे गालिचे, सांगा, आज कुणाला हवेत?"

"आजोबांना हवे होते," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला.

दिलेल्या शब्दाबद्दल तो तिच्याशी बोलला नाही. मेलेल्या मालकिणीचं नाव पुढे करून आपलं म्हणणं खरं करायचं, हे त्याला भीक मागितल्यासारखं वाटलं. त्याने यंत्राला तेल दिलं, पाती घासली आणि ते शेडमध्ये झाकून ठेवलं.

गवत वाढलं. त्या वर्षी थंडी लांबली होती, एप्रिल संपेतो पहाटे दव गोठायचं, तरी गवत वाढलंच. अ‍ॅम्ब्रोज तिकडे बघेना. घरामागच्या वाटेने यायचा, भाजीच्या मळ्यात काम करायचा, मागच्याच वाटेने जायचा. एखाद्या सभ्य माणसाला आजारपणात उघडं पडलेलं बघू नये, तसं त्याला व्हायचं.

शनिवारी गुत्त्यात पर्सी ग्विलियम नावाचा मेंढपाळ वाट बघत असायचा. "काय रे अ‍ॅम्ब्रोज, तुझ्या लॉनने दाढी वाढवली म्हणे? आता तूही वाढव, जोडी शोभेल."

"बिअर पी."

"माझ्या चाळीस मेंढ्या पाठवू का? एका दुपारात गुळगुळीत करून देतील. पट्टे मात्र येणार नाहीत हां, त्यांचं चालणं वाकडं."

"तुझ्याइतकं वाकडं नसेल," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. सगळे हसले, पण त्याचा पेला अर्धाच राहिला.

उघड्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मिसेस हॅरिएट आणि फिलिपा हेरफर्डला गेल्या. चहाची टेबलं, कपबशा आणायच्या होत्या. आठपर्यंत येऊ म्हणाल्या. संध्याकाळी सहा वाजता अ‍ॅम्ब्रोजने घरी जाऊन कामाचे जाड बूट चढवले.

त्याची बायको दिलिस चहात भिजवलेल्या मनुकांचा केक भट्टीतून काढत होती. तिने बुटांकडे बघितलं. "आता कुठे?"

"शेडकडे."

"उद्या रविवार. रविवारी तू यंत्राला हात लावणार नाहीस, म्हणून आज. मला काय कळत नाही?"

"शब्द दिलाय, दिलिस."

"ठाऊक आहे. झोपेत बडबडतोस." तिने केकवर फडकं टाकलं. "त्या पोरीला सरळ सांगायचं होतंस. तोंड दिलंय ना देवाने? केक खायलाच दिलंय का?"

"आता सांगून काय. दोन तास उजेड आहे. कापून टाकतो. काढायचं तर काढतील मला, तसेही चार महिनेच राहिलेत."

दिलिसने केकची कड कापून कागदात बांधली आणि त्याच्या खिशात घातली. तिच्या मनाविरुद्ध असलं की ती असंच करायची.

रोलरच्या यंत्राला एवढं वाढलेलं गवत झेपत नाही, हे कुणीही माळी सांगेल. म्हणून अ‍ॅम्ब्रोजने आधी फळबागेतलं दांडगं यंत्र काढलं. त्या यंत्राने एक पट्टा मोकळा करायचा, मग रोलरने साफ करायचा, आणि असं करत करत पुढे सरकायचं, असा बेत. ओट्याच्या मधोमध तो उभा राहिला. समोर ओक. सूर्य ओकच्या वर, बरोबर डोळ्यांत. त्याने टोपी पुढे ओढली, नजर बुंध्यावर लावली आणि चालत सुटला.

यंत्र घरघरत होतं, गवत बाजूला उडत होतं. अ‍ॅम्ब्रोजने खाली बघितलं नाही. चाळीस वर्षांची सवय. चरापर्यंत गेला, हिरवळीच्या कडेने परत आला, रोलरचं यंत्र घेतलं, पुन्हा ओककडे बघत त्याच पट्ट्यावरून चरापर्यंत गेला. मागे एक रेघ पडली, फिकी, स्वच्छ, सुतासारखी. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला नीट श्वास घेता आला.

चराशी पोचल्यावर यंत्राची पेटी भरली होती. त्याने ती सोडवली, पालथी केली, आणि ढीग पायाने सारला.

ढीग हिरवा नव्हता.

म्हणजे हिरवा होता, पण त्यात जांभळं काहीतरी मिसळलेलं होतं. जशी तांदळात कुणी वाईन सांडावी. अ‍ॅम्ब्रोज वाकला. ढिगात हात घातला. बोटाच्या पेराएवढी फुलं, चिरडलेली, तुकडे झालेली. मग एक अख्खा तुरा हाताला लागला. वीतभर दांडा, त्यावर आठ-दहा फुलं, गर्द जांभळी, आणि प्रत्येक फुलाच्या टोपीवर हिरव्या शिरा, जणू कुणी एका केसाच्या कुंचल्याने आखलेल्या.

त्याला फूल ओळखू आलं. लहानपणी आजी चर्चमागच्या कुरणातून आणायची. ते रानऑर्किड होतं. मग ते कुरण नांगरलं गेलं, आणि पन्नास वर्षांत अ‍ॅम्ब्रोजने ते फूल कुठेच बघितलं नव्हतं.

त्याने वाकल्या वाकल्याच मान वर केली आणि मागे वळून घराकडे बघितलं.

आता सूर्य त्याच्या पाठीशी होता, खाली आलेला, आणि उजेड गवताच्या बुडाशी आडवा शिरत होता. मंडळी, तो काय बघत होता ते मी कसं सांगू? ओट्यावरून, खिडकीतून, वरून बघणाऱ्याला नुसतं गवत दिसायचं, कारण तुरे गवताहून बुटके होते. पण खालून, चराच्या कडेवरून, उजेडाच्या बाजूने बघणाऱ्याला गवताच्या आत दुसरी एक हिरवळ दिसत होती, आणि ती जांभळी होती. शेकडो नव्हे, हजारो. गर्द जांभळे, फिके, गुलाबी, मधूनच एखादा शुभ्र पांढरा. चरापासून ओट्यापर्यंत, यूच्या कुंपणापासून तळ्याच्या उतारापर्यंत, दोन एकर. वारा नव्हता. काहीच हलत नव्हतं. जणू भरलेल्या सभेतले सगळे लोक एकदम गप्प होऊन त्याच्याकडे बघत होते.

अ‍ॅम्ब्रोज डोंगरावरच्या चॅपलला, म्हणजे गावच्या चर्चहून वेगळ्या पंथाच्या साध्या प्रार्थनाघराला जाणारा माणूस. तिथले म्हातारे पाद्री बोलता बोलता कधी गाऊ लागतात, ते त्यांनाही कळत नाही. साधं बोलणं चाललेलं असतं, आवाज जरासा उचलतो, शब्द लांबतो, आणि मग ते प्रवचन राहतच नाही, सूर होतो. बाकांवरची माणसं कधी उभी राहिली, हे त्यांनाही मागाहून कळतं. अ‍ॅम्ब्रोजचं तसंच झालं. तो कधी गुडघ्यांवर आला, हे त्याला आठवत नाही. एवढं आठवतं की टोपी हातात होती.

गुडघ्यांवर आला म्हणून त्याला आणखी एक गोष्ट दिसली. तुऱ्यांच्या बुडाशी पानं होती. गुळगुळीत, चपटी, चक्रासारखी जमिनीला चिकटून पसरलेली.

ती पानं तो ओळखत होता. चाळीस हिवाळे तो ती काट्याने उपटत आला होता. टोपल्याच्या टोपल्या.

आणि जी उपटायची राहिली, ती दर वसंतात उमलायला वर यायची, आणि दर शुक्रवारी तो त्यांच्यावरून चालायचा, ओककडे बघत. कळी यायच्या आत मुंडकं जायचं. तरी पुढल्या वर्षी पानं पुन्हा. एकदाही उमलायला न मिळता, चाळीस वर्षं, त्याच्या आधी त्याच्या बापाची वर्षं, आणि त्याच्याही आधीची. ही कसली चिकाटी? हा कुणाचा शब्द होता, आणि कुणाला दिलेला?

"देवा," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला.

यंत्र कधीचं थांबलेलं ऐकून दिलिस काळजीने आली. तिला वाटलं, हा पडला. कापलेल्या रेघेवरून धावत येता येता तीही मध्येच थांबली.

"अ‍ॅम्ब्रोज," ती म्हणाली, "हे रे काय?"

"बस. उभ्याने नीट दिसत नाही."

ती बसली. मग दिलिस हळूच म्हणाली, "म्हणजे तू एवढी वर्षं ह्यांनाच तण म्हणत होतास?"

"हो."

"मला पण कधीतरी तसंच म्हणाला होतास." पण हात मात्र तिने त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

उजेड अजून होता. पाऊण तासात निदान ओट्यापुढचा भाग कापून झाला असता, लोकांनी चालवून घेतला असता. अ‍ॅम्ब्रोजने यंत्राकडे बघितलं. शब्द दिलेला. खिडकीशी पलंग, आणि त्या बाईने आयुष्यात एकदाच त्याचं नाव घेतलेलं. त्याने आजवर दिलेला शब्द मोडला नव्हता. गुत्त्यात पर्सीलासुद्धा दिलेला मोडला नव्हता.

तो उठला. यंत्राला हात लावला. मग त्याने ते उलटं फिरवलं आणि आल्या रेघेवरूनच, एक बोटही इकडेतिकडे होऊ न देता, ढकलत ढकलत परत नेलं.

ओट्यावर फिलिपा उभी होती. मोटार लवकर आली होती. हिरवळीच्या मधोमध पडलेली रेघ बघून तिचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"मिस्टर प्रीस! मी तुम्हाला बजावून सांगितलं होतं!"

"सांगितलं होतंत."

"मग?"

"मिस कॉन्स्टन्सना शब्द दिला होता, उघड्या रविवारी कापीन म्हणून. तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चूक माझी." त्याने यंत्र ठेवलं. "रागवायचं ते मागून रागवा. आधी या माझ्याबरोबर. आणि खाली बसायची तयारी ठेवा."

त्याने तिला रेघेवरून चरापर्यंत नेलं आणि मागे वळवलं. फिलिपा बसली. केसांतली पेन्सिल गळून पडली, ती तिने उचलली नाही.

"मला ठाऊक नव्हतं," ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी बारीक. "माझ्या नकाशावर इथे मी फक्त 'उंच गवत' लिहिलंय. दोनच शब्द." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण ही उरली कशी? खत पडलं असतं, औषध पडलं असतं, तर एक सुद्धा उरली नसती. सगळ्या देशातल्या हिरवळींवर तेच झालंय."

अ‍ॅम्ब्रोजने तिला कुत्र्याची हकिगत सांगितली. फिलिपा हसता हसता रडायला लागली, आणि दिलिसने तिला स्वतःचा रुमाल दिला. अ‍ॅम्ब्रोजने खिशातली केकची कड काढली. तिघांनी मिळून खाल्ली.

"रेघ राहू द्या," फिलिपा जाताना म्हणाली. "मी वाट वळणावळणाची काढणार होते. तुमची सरळच बरी. माणसाने सरळ चालत आत जावं आणि मग थांबावं."

रविवारी सकाळी चॅपल सुटल्यावर अ‍ॅम्ब्रोज घरी गेला नाही, खाली चर्चच्या आवारात गेला. मिस कॉन्स्टन्स चर्चवाली, तो चॅपलवाला. त्या आवारात टोपी नक्की कुठे धरायची हेही त्याला कळेना. तिच्या थडग्यावरचं गवत कुणीतरी नीट कापलेलं होतं.

"कापली नाही, मिस कॉन्स्टन्स," तो म्हणाला. "एक रेघ कापली. सरळ आहे. बाकीची नाही कापली, आणि आता कापणारही नाही. शब्द मोडला मी." तो थांबला. "तुम्ही बघायला हवं होतं. मीही आधी बघायला हवं होतं. आपण दोघंही वरून बघत राहिलो."

आवारातून बाहेर पडताना त्याला हलकं वाटत होतं, आणि ते त्याला अपेक्षित नव्हतं.

दुपारी दोन वाजता फाटक उघडलं. लोक आले, ओट्यावर जमले, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच प्रश्न होता, की हिरवळीचं हे काय झालं? शेजारच्या तीन बागांचे माळी एकमेकांना कोपरं मारत होते. पर्सी ग्विलियम मोठ्याने म्हणाला, "मेंढ्या फाटकाबाहेरच उभ्या आहेत रे अ‍ॅम्ब्रोज, एक शीळ घातली की आत!"

"तू आधी आत जा," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. "एकेकाने. रेघेवरूनच. टोकाला गेलास की मागे वळ आणि खाली बस."

"ह्या गुडघ्यांनी?"

"ह्याच गुडघ्यांनी."

पर्सी कुरकुरत गेला. ओट्यावरून सगळे त्याची पाठ बघत होते. तो टोकाला पोचला, वळला, खाली बसला. मग किती तरी वेळ उठलाच नाही. आयुष्यभर कुरणात घालवलेला माणूस तो. शेवटी परत आला तेव्हा डोळे पुसत होता, आणि अ‍ॅम्ब्रोजच्या जवळून जाताना एवढंच बोलला, "माझी आई आणायची रे ही." पुढे गुत्त्यात दाढीचा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही.

त्यानंतर माणसं रेघेवरून एकामागून एक जात राहिली. रेघ अरुंद, दोघांना शेजारी शेजारी चालता येईना, म्हणून बोलणं आपोआप बंद झालं. टोकाला लोक बसायचे आणि थोड्या वेळाने मागच्यांना जागा करून द्यायचे. म्हाताऱ्या बाया, मोटारवाले, कडा बघायला आलेले माळी. कडा कुणी बघितल्या नाहीत. चहा कितीतरी उशिरापर्यंत कुणी प्यायलाच आलं नाही. दिलिस टेबलामागे उभी राहून म्हणाली, माझा केक एवढा मागे कधी पडला नव्हता, आणि मला त्याचं काही वाटत नाहीये.

अ‍ॅम्ब्रोज रेघेच्या तोंडाशी उभा होता. चार महिन्यांनी तो निवृत्त झाला, पण त्यापुढेही तेरा वर्षं, दर उघड्या रविवारच्या आदल्या दिवशी ती रेघ कापायला यायचा आणि रविवारी दुपारी तिच्या तोंडाशी उभा राहायचा. आता मात्र तो ओककडे बघत नसे. तो खाली बघत कापायचा, अगदी हळू, आणि म्हणून रेघ दरवर्षी थोडी वाकडी यायची. फुलं गर्दीने वाटेतच उगवायची, ती तो वळसा घालून सोडायचा. कुणी हसलं तर हसू द्यायचा.

आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट सांगायचा. तीच मी तुम्हाला सांगतो, कारण आता सांगायला तो नाही. ह्या घरात एक बाई अठ्ठ्याऐंशी वर्षं राहिली. कुत्र्यासाठी हट्ट धरला, म्हणून ही फुलं जगली, आणि तिला स्वतःला त्यातलं एकही कधी दिसलं नाही. आत गेलात, खाली बसलात, डोळे भरून बघितलंत, की तिच्या वाटचं एक फूल तुम्हीच बघा. तिचं नाव मिस कॉन्स्टन्स वेनेबल्स. मंडळी, तेवढी तिची आठवण ठेवा.